मिठाचा डबा घरीच ठेवला

१२ जाने., सोम. बुलढाणा

गाडी भरून झाली. उद्या निघायचं.

शाळेची जुनी व्हॅन. बाकं काढून पलंग केला, पलंगाखाली भांडी, मागच्या दारापाशी शेगडीसाठी बाहेर सरकणारी फळी. एक कुकर, एक कढई, एक तवा, बस्स. पाण्याच्या कॅनला नळ मीच बसवला. तीस वर्षं आयटीआयत पोरांना इंजिन उघडायला शिकवलं, पण या फळीनं जेवढं समाधान दिलं तेवढं कुठल्या इंजिनानं दिलं नाही. निवृत्त झालो की तुला फिरवीन, असं सुमनला सांगायला लागलो त्यालाच वीस वर्षं झाली असतील.

मनीषा अकोल्याहून तासभर फोनवर. लेक कमी, हेडमास्तर जास्त. दिवाळीत तिच्या आईचा बी.पी. सापडला, किडनीचा रिपोर्टही काठावर आला. तेव्हापासून तिचा एकच जप, मीठ. "बाबा, स्वयंपाक तुम्ही करायचा. आईच्या हाताला सवय आहे, ती टाकणारच. रोज संध्याकाळी बी.पी. मोजून मला आकडा पाठवा. आणि काय काय केलं ते वहीत लिहा, मला कृती पाहिजेत." कबूल.

मिठाचा डबा सु.च्या देखत गाडीतून काढून ओट्यावर ठेवला. म्हटलं, "तुले नाई त मलेबी नाई. पंधरा दिवस दोघंबी अळणी." ती हसली. "चौतीस वर्ष मीठ कमी हाये म्हणणारा माणूस!" मग म्हणाली, "मुंगवड्याचे डबे तेवढे घ्या. गाडीत रोज भाजी कुठी भेटते?"

मागच्या उन्हाळ्यात तिनं मुगाची डाळ वाटून, गच्चीवर लुगड्यावर घालून वाळवलेल्या वड्या. डॉक्टरांनी पापड आणि लोणचं नावानिशी बंद केलं, ते घेतलं नाही. वड्या म्हणजे काय, डाळ आणि ऊन. दोन्ही डबे घेतले.

बी.पी. १३६/८४. पाठवला.

१३ जाने., मंगळ. चिखलीच्या पुढे

लिंबाच्या झाडाखाली गाडी. पहिला स्वयंपाक.

खिचडी. तांदूळ दोन मुठी, मूगडाळ एक मूठ, कांदा, टमाटा, हळद, तीन शिट्ट्या. तीनच्या सहा झाल्या, कारण शिट्ट्या मोजणारा बोलत बसला होता. लगदा.

ताट पुढं केलं तर सवयीनं सु.च विचारते, "मीठ बराबर हाये ना?" दोघंही हसलो. लग्न झाल्यापासून मी पहिला घास घेईपर्यंत ती उभी राहायची आणि हेच विचारायची. मी मान हलवली की मग ती बसायची. मान हलवली नाही तर उठून मीठ आणायची. ताटाशेजारी मिठाची वाटी वेगळी असायचीच.

तिनं चार घास खाल्ले. "चांगली झाली," म्हणून ताट बाजूला. माझ्याही घशाखाली उतरेना. बरीचशी खिचडी रस्त्यावरच्या कुत्र्यानं खाल्ली. त्याची काही तक्रार नव्हती.

१३८/८६. पाठवला.

१४ जाने., बुध. उंद्री

सु.चं माहेर. आता तिथे तिचं कोणी नाही, घर विकलं. विहाराच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे गाडी लावली. सकाळी तिच्याबरोबर वंदनेला बसलो. बायका तिला ओळखून गळ्यात पडल्या. मी फुकटचा जावई, चहा मिळाला.

दुपारी तिनं लांबूनच घर दाखवलं. पत्रे नवीन टाकलेत. मला जे आठवायचं ते आठवलं. लग्नानंतरचं दुसरं वर्ष. याच घरात जेवायला बसलो होतो. भाजी सु.नं केली होती, हौसेनं. मी सगळ्यांसमोर ताट सरकवलं आणि म्हणालो, मीठ विसरली वाटते तुमची पोरगी. तिचे वडील स्वतः उठले, आत जाऊन मिठाची वाटी घेऊन आले, माझ्यापुढे ठेवली. म्हातारा माणूस. मी त्यातलं मीठ घेतलंसुद्धा.

त्यानंतर तिनं कधी कमी मीठ टाकलं नाही. माझ्या जिभेनं घरातलं मीठ ठरलं आणि तेच तिनं चौतीस वर्षं खाल्लं. डॉक्टर म्हणाले, "आहारात पूर्वीपासूनच जास्त दिसतंय." मी तेव्हा छताकडे बघत होतो.

रात्री पालकाचं आळण. पालक शिजवून घोटायचा, बेसन पाण्यात कालवून लावायचं, वरून लसणाची फोडणी. अळणी आळण म्हणजे काय ते आज कळलं. सु. अर्धी भाकर. दिवाळीपासून हे असंच आहे, पाच किलो उतरली. मी घास या गालातून त्या गालात फिरवत बसलो.

१३८/८४. पाठवला.

१५ जाने., गुरु. उंद्री

आज जमलं! हात बसला!

भाजी नव्हती. वड्यांचा डबा काढला. कृती: दोन चमचे तेलात वड्या लाल परतायच्या, बाजूला काढायच्या. त्याच कढईत कांदा, लसूण, टमाटा, तिखट, दाण्याचं कूट. वड्या परत टाकून गरम पाणी ओतायचं, झाकण, दहा मिनिटं. कढई एकच धुवायची. शेजारच्या बाईनं भाकरी करून दिल्या.

सु.नं दोन भाकरी खाल्ल्या. दोन! कढई पुसून खाल्ली. "मस्त झालं," म्हणाली. मीही सपाटून जेवलो. मिठाशिवाय ही चव कशी? टमाट्याची करामत असावी. फोटो काढून मनीषाला पाठवला. उत्तर आलं, "वा बाबा!!" दोन उद्गारचिन्हं. दहावीत नव्वद टक्के पडले तेव्हा मी तिला एकच दिलं होतं.

बी.पी. १४०/८८. कालचा रस्ता खराब, धक्के.

१७ जाने., शनि. उंद्री

काल वड्या घालून खिचडी. आज सकाळी उरलेल्या भाकरीचा कुस्करा, त्यात चुरलेल्या वड्या. रात्री वरणात वड्या. माझी अक्कल बघून मलाच कौतुक वाटतंय. गाडीत रांधायचं म्हणजे वाळवणासारखं काही नाही: चिरायचं नाही, नासत नाही, पाणी कमी लागतं.

सु. बोलायला लागली आहे. तीन महिने मुकी होती, आता खिडकीत बसून सगळ्या शेतांची माहिती देते, कोणाची तूर वाळली, कोणाचा हरभरा रोग खाऊन राह्यला. चेहऱ्यावर तकाकी आलीये.

बोटातली अंगठी घट्ट होते म्हणाली. म्हटलं, चार घास अंगी लागून राह्यले.

१४६/९०. पाठवला. मनीषा: "थोडा वाढलाय, लक्ष ठेवा."

१९ जाने., सोम. अमडापूर

मन ठिकाणावर नाही. जसं झालं तसं लिहितो.

सु.ची मोठी बहीण शांताक्का इथे असते. घरात जेवा म्हणाली, मी ऐकलं नाही, म्हटलं आज पाहुण्यांनी रांधायचं. अंगणात गाडी उभी करून फळी बाहेर काढली. आख्खी आळी बघायला. पुरुष माणूस वड्या परततोय म्हटल्यावर बायका खोकल्याचं निमित्त करून हसत होत्या. सु. शेजारी कुणाचं बाळ बघायला गेली होती.

अक्कानं वाटीत घेऊन चाखलं. "भाऊजी, झालं बापा झक्कास! मीठबी बराबर हाये."

मी छाती काढून सांगितलं, "मीठ टाकलंच नाई अक्का. गाडीत मिठाचा डबाच नाई."

तिनं वाटी खाली ठेवली. "मंग वड्याइत कोणाचं हाये? सुमी डाळीत मुठीनं मीठ टाकते. म्याच त होती वड्या घालाले. बिनमिठाच्या वड्या वाळतीन कशा, अन टिकतीन कशा?"

आणि खूप हसली. मीही हसलो. आणि कढईत झारा फिरवत राहिलो.

पाच दिवस. दोन्ही वेळ. पापड बंद केलं, लोणचं बंद केलं आणि मुठीनं मीठ घातलेल्या वड्या तिला मन लावून चारल्या. ज्याला गॅस्केट आणि वॉशरमधला फरक डोळे मिटून कळतो त्याला वडीत मीठ असतं हे कळत नाही. कळणार कसं? चौतीस वर्षांत ती वडी ताटात आल्यावरच पाहिली.

अक्काला म्हटलं, सुमनला सांगू नका, मी बघतो. ती म्हणाली, "सुमीले काय सांगाचं, तिच्याच हातच्या वड्या हायेत." मी पुढं ऐकलं नाही, सु. येत होती.

संध्याकाळी ती विचारते, "आज काय करता? वड्याच करा." म्हणजे ती मागतेय. मागून खातेय. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

केल्या. माहीत असून केल्या. हे इथे लिहून ठेवतो. सकाळपर्यंत जे झालं ते अडाणीपणानं, पण आजची रात्रीची वाटी माझ्या नावावर आहे.

१५०/९२. पाठवला. मनीषाचा लगेच फोन. उचलला नाही. मग मेसेज टाकला, रेंज नाही.

२० जाने., मंगळ. अमडापूर

तोड काढली. वड्या परतून गरम पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, मग रस्सा. फेकलेलं पाणी आधी चाखलं. खारट होतं. म्हणजे निघतं मीठ. मग वडी चाखली. तीही खारट.

सु. म्हणाली, "आज जरा सपक लागून राह्यलं." तरी दीड भाकर.

उद्यापासून बंद, नक्की बंद. पण ती परत अर्ध्या भाकरीवर आली तर? परत तोंड मिटून बसली तर? जेवली नाही तरी दुखतं आणि जेवली तरी दुखतं.

खरा: १५४/९६. मनीषाला कळवला: १४२/८८.

का? १५४ कळवला असता तर उद्या सकाळी गाडी काढून आली असती, आईला घेऊन गेली असती. दौरा संपला असता. आणि काय खायला घातलं, हे सगळ्यात आधी विचारलं असतं. फक्त आजच्या दिवसापुरतं. मोबाईलवर आकडा एका दमात टाइप झाला, याचंच नवल वाटतंय.

२१ जाने., बुध. मेहकरच्या वाटेवर

सकाळी तिच्या पायात चप्पल जाईना. घोट्यावर बोट दाबलं, खड्डा पडला, तसाच राहिला. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

"गाडीत बसून बसून येते सूज," ती म्हणते. "काऊन एवढं तोंड पाडता?"

दुपारी रस्त्यावर तुरीच्या शेंगा घेतल्या. उकडून देणार होतो. शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतात, हे मला माहीत आहे. एवढंच माहीत आहे. साध्या पाण्यात उकडल्या.

खरा: १५८/९६. कळवला: १४०/८६. मनीषा: "छान, उतरतोय. बाबा तुम्ही ग्रेट." हे वाचून फोन सीटखाली टाकला.

२२ जाने., गुरु. मेहकर

दवाखान्यात नेलं. सूज बघवेना. डॉक्टर मनीषाच्या ओळखीतले, तिनंच नंबर दिला होता अडीअडचणीला.

त्यांनी मोजला: १६२/१००. मला विचारलं, "काका, मीठ बंद आहे ना?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात सु. म्हणते, "मिठाचं नाव काढू नका डॉक्टर. यायनं मिठाचा डबाबी गाडीत ठेवला नाई. सोताबी अळणी खाऊन राह्यले." असं अभिमानानं म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, "असे नवरे कमी."

मग म्हणाले, घरचे आकडे दाखवा. मोबाईल पुढं केला. मनीषाला पाठवलेले. १३८, १४०, १४६, १५०, १४२, १४०. त्यांनी वाचले, विचार केला. "घरी बरा दिसतोय. दवाखान्यात आलं की घाबरून वाढतो काही जणांचा. गोळी लगेच वाढवत नाही मग. रक्त घेऊ. मंगळवारी रिपोर्ट घेऊन या, तोपर्यंतचे रोजचे आकडेही आणा. त्यावरून ठरवू."

गोळी वाढवली नाही. माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवून वाढवली नाही.

बोलायचं होतं. डॉक्टर हातमोजे काढत होते, सु. चप्पल शोधत होती, दारात पुढचा पेशंट उभा होता. थँक यू म्हणून बाहेर आलो. फाटक्या तोंडाचा म्हणून आयटीआयत प्रसिद्ध होतो. प्राचार्यांना तोंडावर बोललोय. आणि आज थँक यू.

खरा (संध्या.): १५८/९८. कळवला: १४४/८८.

२३ जाने., शुक्र. मेहकर

दोन्ही डबे पलंगाखाली अगदी मागे, स्टेपनीच्या आड. आजही वड्या नाहीत, काही झालं तरी नाहीत.

सकाळपासून दोघंही उपाशी, मी चहाही घेतला नव्हता. नदीच्या बाजूला गाडी लावली. ज्वारीच्या कण्या शिजवल्या: भरडलेली ज्वारी, चौपट पाणी, मंद आच, सारखं हलवायचं. वर लसूण-जिऱ्याची फोडणी. बरोबर घोळाना: हरभऱ्याचा कोवळा पाला, कांदा, हिरवी मिरची हातानं चुरून, त्यावर लिंबू, भरपूर. मीठ कणभर नाही, कशातच नाही.

भूक सपाटून लागली होती. मी दोन वाट्या ओरपल्या. मान वर केली तर सु.चीही दुसरी वाटी चालू.

"मस्त झालं," म्हणाली.

तेच शब्द. वड्यांना म्हणाली होती तेच, त्याच सुरात. आणि तेवढंच जेवली.

मग तिला वड्या लागतच नव्हत्या? मिठाशिवाय जेवते ती? मग मी पाच दिवस चुकून आणि दोन दिवस जाणून काय करत होतो?

विचारता येईना. विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

खरा: १५६/९६. कळवला: १४२/८८. आता खोट्याला खोटं जोडावं लागतंय, एकदम १५६ कसा टाकणार?

२४ जाने., शनि. मेहकर

सांगितलं. वड्यांचं सांगितलं. आकड्यांचं नाही.

ती पलंगावर बसून मेथी निवडत होती. मी फळी पुसत होतो, पुसलेलीच परत पुसत होतो. म्हटलं, "अवं, त्या वड्याइत मीठ होतं."

"हाव," म्हणाली. मेथी निवडणं चालूच.

"तुले माईत होतं?"

"म्याच टाकलं त."

"मंग बोलली काऊन नाई? डॉक्टरलेबी खोटं सांगतलं!"

तिनं काडी मोडली. "तुमी जेवत नव्हते. घरून निंघतानीच मले माईत होतं, हा माणूस अळणी कुठी खाते! म्हणून त म्या डबे घ्या म्हटलं. तुमच्यासाठी घेतले. मंग तुमी येवढ्या हौसेनं रांधलं. तुमच्या घशाखाली घास उतरून राह्यला, त माह्याबी उतरला." मग म्हणाली, "परवा तुमी कण्या खाल्ल्या पोटभर, म्याबी खाल्ल्या. तुमी नुसता घास घोळत बसले का मले जेवण जात नाई. आधीपासूनच नाई जात."

परवा नाही, कालच. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

म्हणजे दिवाळीपासून ती जेवत नव्हती ते अळणी होतं म्हणून नव्हे. घरी तिच्यासाठी कमी मिठाचं शिजायला लागलं तेव्हापासून मी तोंड वाकडं करत होतो, गाडीत तर अळणी खाण्याचा मोठेपणा करून करत होतो, आणि ती ते तोंड बघत होती. चौतीस वर्षं पहिल्या घासाला बघत आली तशीच. मी वाटी सोडली, पण तिचं बघणं कुठे सुटलं? घरात आजही माझ्याच जिभेचं राज्य.

रागावलो तिच्यावर. होय, तिच्यावरच! "मरायचं हाये काय तुले?" असं ओरडलो. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. ती म्हणाली, "वरडू नका, माहा बी.पी. वाढते." आणि हसली. मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. रडलो. बोनेट उघडून उभा होतो, म्हणजे कोणी बघितलं तर वाटावं काही बिघाड आहे.

दोन्ही डबे नदीकाठच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला देऊन टाकले. आधी विचारलं, बी.पी. आहे का. आजोबा म्हणाले, "नाई बापा, तो शिकलेल्या लोकायले असते."

खरा: १५४/९४. कळवला: १४२/८६.

२५ जाने., रवि. मेहकर

मेथी आणि दाण्याचं कूट, लिंबू. ज्वारीच्या पिठाचं धिरडं, तव्यावर पातळ ओतायचं, कडेनं तेल सोडायचं. मी पोटभर जेवतो. जेवताना तोंडाकडे लक्ष ठेवतो, माझ्याच. चव येत नाही असं नाही आता. ज्वारी गोड असते हे साठीत कळलं. ती माझ्याकडे बघते, मग जेवते.

देऊळ बघायला गेली होती, मी गाडीतच थांबलो. मनीषाला खरं लिहायला बसलो. "बेटा, मी तुला" एवढं लिहिलं. मग पुसलं. मग "मनीषा, २० तारखेपासूनचे आकडे" आणि परत पुसलं.

तिचाच मेसेज आला: उद्या सुट्टी आहे, येते, मंगळवारी दवाखान्यात बरोबर येईन. "वही तयार ठेवा, कृती वाचायच्यात."

ही वही. जिच्यात खरे आकडे आहेत. दुसरीकडे कुठेच नाहीत. यंत्राच्या मेमरीत होते, पण परवा सेल बदलले तेव्हा पुसले गेले. सेल मीच बदलले. गरज होती, खरंच होती. की नव्हती, आता मलाही सांगता येत नाही.

दोन पानं फाडता येतील. नवीन वहीत नुसत्या कृती उतरवता येतील. अक्षर माझंच. पण मग डॉक्टर १४२ वर गोळी ठरवतील.

खरा: १५२/९४. कळवला नाही. मनीषा येतेच आहे असं म्हणून सोडून दिलं.

२६ जाने., सोम. मेहकर

मनीषा आली. आईचे पाय बघितले, माझ्याकडे बघितलं. "बाबा, १४२ वर एवढी सूज?"

म्हटलं, "रिपोर्ट येऊ दे."

तिनं गाडी बघितली, फळी सरकवून बघितली, लहानपणी माझी सायकल बघायची तशी सगळीकडून. म्हणाली, "किती छान केलंय हो बाबा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला वड्यांचं सु.नंच सांगितलं. सगळं स्वतःवर घेऊन. "माह्या जिभेची चूक. तुह्या बाबाले काय माईत बिचाऱ्याले." मनीषा आईवर चिडली, तासभर बोलली नाही. मी भेंडी चिरत होतो. चिरतच राहिलो. १९ तारखेच्या रात्रीपासूनच्या वड्या माझ्या होत्या, हे म्हणायला दोन शब्द पुरले असते.

संध्याकाळी बी.पी. मनीषानंच मोजला. १५२/९२. म्हणाली, यंत्र बिघडलंय बहुतेक, इतके दिवस बरोबर होतं.

२७ जाने., मंगळ. मेहकर, दवाखान्याच्या बाकावर

आठवा नंबर. आत पाचवा आहे. रिपोर्ट पाकिटात, मनीषानं उघडला नाही, म्हणाली डॉक्टरांसमोरच उघडू.

सकाळी कण्या केल्या. सु.ला वाटी दिली आणि तिनं पहिला घास घेईपर्यंत उभा राहिलो. फळीला धरून. ठरवून नाही, पाय तसेच थांबले. आणि विचारलं, "मीठ बराबर हाये ना?"

मनीषाला काही कळलं नाही, ती म्हणाली, "बाबा, थट्टा सुचते तुम्हाला."

सु. माझ्याकडे बघत घास चावत राहिली. चांगला वेळ घेतला. मग म्हणाली, "नाई. कमी हाये."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि वाटी संपवली. पूर्ण. तिच्या डोळ्यांत हसू होतं, पण नुसतं हसू नव्हतं. तिच्या वडिलांनी उठून वाटी आणून ठेवली होती, मी आणू शकत नव्हतो. मी तिथंच उभा राहिलो.

सहावा गेला आत.

वही पिशवीत घेतली होती, आता बाहेर काढून लिहितोय. पानं फाडलेली नाहीत. नवीन वहीही केली नाही. २० तारखेचं पान खुणेसाठी दुमडून ठेवलं आहे, तेवढंच.

मघाशी सु.नं विचारलं, "वही कायले घेतली दवाखान्यात?" म्हटलं, आकडे आहेत हिच्यात. ती म्हणाली, "आकडे त फोनमदी हायेत." मी दुमडलेलं पान चाचपलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पहिल्या घासाला पाहते तसं, आणि हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. अंगठी अजून बोटात रुतलेली आहे.

सातवा. बाई लवकर बाहेर येतील असं दिसतंय, नुसती पट्टी बदलायची होती.

मनीषा उठली. पाकीट घेतलं, आईला हात दिला. म्हणते, "बाबा, रोजचे आकडे कुठे आहेत? द्या इकडे." हात पुढे केलाय. एक मिनिट म्हटलं, एवढं वाक्य